वाढलेली किंमत कुणाची?

चीनच्या क्रांतीचा विषय निघाला की मराठी माणसाला आधी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. काँग्रेसने १९३८ मध्ये पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी, तिथल्याच मातीत मिसळले. त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१०चा. बरोबर एक वर्षाने, १० ऑक्टोबर १९११ला, वुचांगच्या छावणीत सैनिकांनी बंड केलं आणि चीनची राजेशाही कोसळायला लागली. असा योगायोग कुठल्याही संपादकाला सोडवत नाही, आम्हालाही सोडवला नाही. पण यंदा लिहायचंय ते दुसऱ्या एका डॉक्टरविषयी.

डॉ. सन यत-सेन हे त्या क्रांतीचे जनक. गंमत म्हणजे बंड झालं तेव्हा ते अमेरिकेत डेन्व्हरला होते. बातमी त्यांनी वर्तमानपत्रात वाचली. १ जानेवारी १९१२ला ते हंगामी अध्यक्ष झाले आणि काही आठवड्यांतच युआन शिकाई या सेनानीसाठी खुर्ची सोडून मोकळे झाले. या युआनला पुढे सम्राट व्हायची हौस आली, ती कथा वेगळी. पण सन यांच्या त्या थोडक्या दिवसांत त्यांच्या नानकिंगच्या सरकारने जे हुकूम काढले ते वाचण्यासारखे आहेत. पुरुषांनी शेंड्या कापाव्यात. मुलींचे पाय बांधू नयेत. आणि अधिकाऱ्याला ‘मायबाप’ थाटाची जुनी संबोधनं लावणं बंद करून साधं ‘श्रीयुत’ म्हणावं. (हा शेवटचा हुकूम आपल्याकडे कुणी काढला तर ‘साहेब’ या शब्दावाचून निम्मी कार्यालयं मुकी होतील.) बायकांनी मताचा हक्क मागितला, तो मात्र मिळाला नाही.

सन यत-सेन यांची तीन तत्त्वं शाळेच्या पुस्तकात एका ओळीत उरकतात: राष्ट्र, लोकसत्ता आणि लोकांची उपजीविका. आम्हाला थांबावंसं वाटलं ते तिसऱ्यापाशी. टोकियोत १९०५ साली त्यांची क्रांतिकारी संघटना स्थापन झाली, तेव्हाच तिच्या उद्दिष्टांत जमिनीचा हक्क सर्वांना समान करण्याचं कलम होतं. हेन्री जॉर्ज या अमेरिकनाचा त्यावर ठसा होता. कल्पना अशी की, शहर वाढतं, रस्ता येतो, बंदर होतं आणि कालचा पडीक तुकडा सोन्याचा होतो. मालकाने त्यासाठी काडीही हलवलेली नसते. मग ही वाढलेली किंमत समाजाची.

वसूल कशी करायची याची युक्ती फारच फक्कड होती. मालकाने स्वतःच जमिनीची किंमत सांगायची. कर त्या किमतीवर. कर चुकवायला कमी सांगितली, तर सरकार त्याच किमतीत ती विकत घेणार. जास्त सांगितली, तर कर भरता भरता नाकी नऊ. पुढे जी वाढ होईल ती सगळी सार्वजनिक तिजोरीत. दस्तावर एक आकडा आणि पिशवीत दुसरा या आपल्या रीतीला या युक्तीत जागाच नाही. सन यांच्या हयातीत ती देशभर राबवलीच गेली नाही. १९२४च्या व्याख्यानांत ते ‘कसेल त्याची जमीन’ म्हणाले, आणि १९२५च्या मार्चमध्ये वारले. पुढे तैवानमध्ये १९५३ला कुळांना जमिनी मिळाल्या. मुख्य भूमीवर १९५०च्या कायद्याने त्या वाटल्या गेल्या आणि १९५८ला कम्यूनमध्ये परत ओढल्या गेल्या.

‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा मुंबईच्या खाडीपलीकडच्या आमच्या या पट्ट्याला परकी नाही. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली १९३३ पासून सहा वर्षं खोतांची शेतं पेरली नाहीत. डॉ. आंबेडकर १९३४ला तिथे येऊन गेले. त्या धगीतून कूळ कायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ला कुळं मालक झाली. सातबाऱ्यावर नाव चढलं.

पनवेल-उरणकडे ते नाव १३ वर्षं टिकलं.

चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकात खाडीपलीकडच्या नव्या शहराची, म्हणजे आजच्या नवी मुंबईची, कल्पना मांडली. पैसा कुठून, याचं उत्तर तिच्यातच होतं: शेतजमीन शेतीच्या भावाने घ्यावी, विकसित करून विकावी आणि वाढीव किमतीतून रस्ते, पाणी, गटारं करावीत. मार्च १९७०मध्ये हे शहर वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं आराखड्यात आली. सन यत-सेन यांनी हा आराखडा पाहिला असता तर मान डोलावली असती. एका जागी मात्र ते अडले असते. त्यांच्या युक्तीत किंमत आधी मालकाने बोलायची होती. इथे ती १८९४च्या भूसंपादन कायद्याने सरकारी अधिकाऱ्याने ठरवली.

जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांचा लढा आम्हाला या फरकावरचा वाटतो. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच जण गेले. १९९०मध्ये साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण आलं. काटेकोर पाहिलं तर हे सन यांच्या विरुद्ध आहे. वाढीव किंमत मूळ मालकाला कशाला, असं ते म्हणाले असते. आम्ही इथे पाटलांच्या बाजूने आहोत. ज्या ‘समाजा’साठी ती किंमत राखायची, त्यात ज्याची शेती गेली तो धरलेलाच नव्हता.

या अंकाच्या कामासाठी बेलापूरकडच्या एका गावठाणात गेलो होतो. चार मजली घर, गल्ली इतकी अरुंद की स्कूटर आडवी लावली तर वाट बंद. तळमजल्यावर तुळशीवृंदावनाला चिकटून पाण्याची मोटर. आजी भाताचे लाह्या-पोहे निवडत होत्या. समोरच्या मॉलच्या पार्किंगकडे बोट करून म्हणाल्या, तिथं आमची उघाडी होती. भरतीला दार लावायचं, ओहोटीला उघडायचं, नाहीतर खारं पाणी शेतात. साडेबारा टक्क्यांतला प्लॉट हातात यायच्या आधीच मुलांनी विकला होता. केवढ्याला, ते त्यांनी सांगितलं नाही. पण आज तिथे फुटाचा भाव काय, आठव्या मजल्यावर काय आणि रस्त्याच्या बाजूला काय, हे त्यांना तोंडपाठ होतं. इस्टेट एजंट असलेला नातू अडखळला, तेव्हा त्यांनीच आकडा दुरुस्त केला आणि पुन्हा सूप हातात घेतलं.