धरणाच्या वरची कोयना

जाहीर आवाहन : कोयना, सोळशी आणि कांदाटी खोऱ्यांतले ग्रामस्थ, मुंबई-पुण्याला असलेले आपले गाववाले, जमीनमालक, रिसॉर्टवाले आणि पर्यटक यांना



कोयना म्हटली की लोकांना धरणच आठवतं. किती टीएमसी भरलं, दरवाजे किती फुटांनी उचलले, कऱ्हाडला पाणी कधी पोचणार, याच्या बातम्या पावसाळाभर राज्यात वाचल्या जातात. त्या धरणात पाणी येतं कुठून, हे विचारायची वेळ कोणावर येत नाही. हे आवाहन त्या वरच्या कोयनेसाठी आहे.

महाबळेश्वरहून निघालेली कोयना कृष्णेसारखी पूर्वेला जात नाही, सरळ दक्षिणेला उतरते. उजवीकडे सह्याद्रीची मुख्य धार, डावीकडे बामणोलीची रांग. या दोहोंच्या मधून सुमारे 65 किलोमीटर आल्यावर हेळवाकला ती काटकोनात पूर्वेकडे वळते आणि कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. अशा अरुंद, उभ्या खोऱ्यामुळेच इथे एवढं धरण बांधता आलं. 1960च्या दशकात पाणी अडलं, सोळशी आणि कांदाटीची तोंडं त्यात बुडाली, आपली कितीतरी गावं उठली. आज धरणाच्या जलाशयाचं, म्हणजे शिवसागराचं, पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवून वीज केली जाते आणि ते वाशिष्ठी नदीत सोडलं जातं. राज्याला उजेड मिळाला. ज्यांची घरं पाण्याखाली गेली त्यांच्यातले कित्येक अजून पुनर्वसनाच्या फायली घेऊन फिरतात, हेही इथेच सांगितलेलं बरं.

कागदोपत्री या नदीला संरक्षणाची कमी नाही. 1985 साली कोयना अभयारण्य झालं. 2001मध्ये महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला. 2010मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि 2012मध्ये पश्चिम घाटातल्या जागतिक वारशाच्या यादीत कोयनेचं जंगल गेलं. पण जंगलाची हद्द संपते तिथून आपल्या मालकीचे उतार सुरू होतात. ओढे हद्द बघून वाहत नाहीत.

वरचे सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची पठारं, जांभ्याचे आहेत. हा दगड सच्छिद्र, पाझरणाऱ्या माठासारखा. चार महिन्यांचा पाऊस तो पोटात घेतो आणि खालच्या घट्ट काळ्या कातळाशी अडलेलं पाणी झऱ्याच्या रूपानं कड्याच्या पायथ्याशी बाहेर सोडतो. वैशाखातही वाडीला, गुरांना आणि गव्या-सांबरांना तेच पुरतं. आता रस्त्यासाठी किंवा प्लॉटसाठी जेसीबीनं तो उतार उभा कापल्यावर काय होतं ते एकदा जवळ जाऊन बघा. पाऊस थांबून महिना झाला तरी तांबड्या कापात कमरेएवढ्या उंचीवर एक ओली रेघ दिसते आणि तिच्यातून पाणी गळत असतं. तो झराच आहे. फक्त तो आता गटारात जातो आणि खालच्या वाडीतलं टाकं फाल्गुनातच कोरडं पडतं. शिवाय जुलै 2021 आपण पाहिला आहे. महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास 600 मिलिमीटर पाऊस पडला, आणि पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आला. दरडी निसर्गानंही कोसळतात, मान्य. पण पायथा कापून त्यांना वाट करून द्यायचं कारण काय?

म्हणून जमीनमालकांना विनंती, उतार कापण्याआधी झरा कुठे आहे ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. ‘नवीन महाबळेश्वर’ या गिरिस्थान प्रकल्पाची चर्चा सुरू झाल्यापासून सातबाऱ्याला भाव आला आहे, हे खरं. मुंबईकर मंडळींनो, तुमच्या गरजा आम्ही जाणतो. विकू नका असं सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण झऱ्याची आणि ओढ्याकाठची जागा तरी व्यवहारातून बाहेर ठेवा, आणि सही करण्याआधी भावकीला एक फोन करा.

गावात राहणाऱ्यांनो, गवत चांगलं येतं म्हणून सड्याला लावलेली आग जंगलात शिरते. राख पहिल्या पावसात ओढ्यात जाते आणि तिच्यामागून उघडी पडलेली मातीही. ही सवय मोडायला हवी. त्यासाठी वन विभागाच्या नोटिशीची वाट कशाला बघायची?

पर्यटकांना फार सांगायचं नाही. तापोळ्याला, बामणोलीला या, लाँचनं फिरा, इथल्या घरची भाकरी खा. वासोटा किल्ल्यावर परवानगी काढूनच जा आणि नेलेलं प्लास्टिक परत आणा. काठावर गाडी धुऊ नका. रिसॉर्टवाल्यांनी मात्र आपलं सांडपाणी नेमकं कुठे मुरतं, ते गावाला दाखवावं. शोषखड्डा पाण्याच्या काठापासून दहा पावलांवर असेल तर त्याला शोषखड्डा म्हणत नाहीत.

येत्या 1 मेच्या ग्रामसभेला शक्य तितक्यांनी हजर राहा. तेव्हा मुंबईकर गावी असतात आणि झरे सर्वांत बारीक झालेले असतात, त्यामुळे कोणता जिवंत आहे ते उघड दिसतं. प्रत्येक झऱ्याचं नाव, गट नंबर आणि मेमध्ये पाणी आहे की नाही, एवढं लिहून घ्या. जैवविविधता नोंदवहीतही ते चढवा. झऱ्याच्या वरचा उतार कापू नये असा ठराव करा. ठरावाची एक प्रत तलाठ्याकडे, एक वन विभागाकडे द्या, आणि दोन्हीकडून पोच घ्यायला विसरू नका.

आपले,
कोयना खोऱ्यातले रहिवासी