दिवाळीचा काजू घेताना अर्धं मिनिट थांबा



दसरा झाला की सुपरमार्केटच्या दाराशीच काजूच्या पाकिटांचे ढीग लागतील. वर मोठ्या आकड्यांत भाव. शेजारी 'दोन घ्या, तिसरं फुकट'. तुमचा हात तिकडे जाणारच. सणाचं घर आहे, पाहुणे येणार आहेत, फराळ करायचा आहे आणि महिन्याचा हिशेबही सांभाळायचा आहे. त्यात तुमचं काहीच चुकत नाही. फक्त पाकीट टोपलीत टाकण्याआधी अर्धं मिनिट थांबा. तो काजू तुम्हाला इतका स्वस्त का मिळतोय, हे आधी ऐका.

एक किलो काजूगर हाती यायला साधारण चार किलो काजू बी लागते. समजा, बीचा दर 130 रुपये आहे. म्हणजे नुसत्या बीचेच 520 रुपये झाले. पुढे ती बी वाळवायची, वाफवायची, एकेक करून फोडायची. गर सुकवायचा, साल काढायची, प्रतवारी करायची, डबे भरायचे. वीज, जळण, मजुरी, गाडीभाडं, बँकेचं व्याज हे सगळं वेगळंच. आता सांगा, अख्खा काजू 600 रुपये किलोने विकायचा तर उरलेल्या 80 रुपयांत कोणाकोणाचं भागायचं? कुठेतरी कोणाच्या तरी ताटातलं कमी केल्याशिवाय हा भाव बसत नाही.

म्हणून स्वस्त पाकीट दिसलं की हा हिशेब मनात मांडा. त्याला शाळेतलं गणित पुरतं. भाव फारच खाली असेल तर पाकीट उलटून बघा. पॅकिंगची तारीख वाचा. काजू कुठला आहे, ते शोधा. सापडलं नाही तर दुकानदाराला विचारा. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की अकराव्याच्या वेळी उत्तर तयार असतं.

कमी केलं जातं ते आधी कोणाच्या ताटातलं, तेही बघा. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, चंदगड, आजरा या भागांत काजू फोडायला आणि सोलायला बहुतेक बायाच बसतात. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. टरफलातलं तेल अंगाला लागलं की उततं. फोड येतात, कातडी सोलवटते, बोटं काळी पडतात. राख नाहीतर तेल चोळून या बाया कामाला बसतात. पुढे साल काढायची तर तीही अशी की गर अखंड राहिला पाहिजे. गर दुभंगला की त्याची पाकळी होते, भाव उतरतो. आणखी फुटला की तुकडा, भाव आणखी खाली. पाकिटावर 'डब्ल्यू 320' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एका पौंडात साधारण 300 ते 320 अख्खे गर. त्यातला एकेक गर कोणीतरी बोटांनी सांभाळलेला आहे. भाव पडला की कारखानदार पहिली कात्री मजुरीला लावतो. मजुरी कापूनही भागलं नाही, तर युनिटला कुलूप लागतं.

तुम्ही हे थांबवू शकता. कोकणातली लहान युनिटं आणि बचत गट वर्षभर काजू फोडतात, पण त्यांच्या विक्रीचा मोठा हंगाम दिवाळीचा. दिवाळीला माल गेला तर हातात पैसा येतो. फेब्रुवारीत नवी बी झाडाखाली पडू लागते, तेव्हा तोच पैसा बी घ्यायला लागतो. माल पडून राहिला तर युनिटवाला बी घ्यायला उतरत नाही. मग शेतकऱ्याच्या अंगणात व्यापारी येतो आणि तो म्हणेल तो दर. मार्चमध्ये काजू बीला काय मिळणार, याचा बराचसा निकाल ऑक्टोबरमध्ये तुमच्या खरेदीनेच लागतो. म्हणून आत्ताच ठरवा. याच आठवड्यात ठरवा.

शेतकऱ्याला दर मिळाला नाही तर काय होतं? तो आधी बाग बेणायचं सोडतो. मजूर लावून गवत काढायला परवडत नाही. वाळलेलं गवत उन्हाळ्यात पेट घेतं आणि वणवा शेजाऱ्याची कलमंही घेऊन जातो. दोनचार हंगाम असे गेले की घरातला तरुण मुंबईची, पुण्याची, गोव्याची वाट धरतो. मागे राहतात म्हातारा-म्हातारी आणि वरकस जमिनीचा सातबारा. मग कोणीतरी गाडीतून येतो, डोंगराचा एकरकमी भाव सांगतो आणि सही होते. 1990 पासून रोजगार हमीच्या फळबाग योजनेतून याच उजाड उतारांवर लोकांनी डोक्यावरून पाणी वाहून काजू जगवला. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात 1957 पासून काम चालू आहे. तिथून निघालेल्या 'वेंगुर्ला-4', 'वेंगुर्ला-7' या जातींनी कातळावर पीक उभं केलं. एवढ्या वर्षांची मेहनत चार सणांच्या ऑफरीत विकली जाऊ देऊ नका.

स्वस्त काजूतला बराच काजू बाहेरच्या बीचा असतो. आयव्हरी कोस्ट, टांझानिया अशा देशांतून बोटी भरून कच्ची बी येते. 2018 च्या अर्थसंकल्पात तिच्यावरचं आयात शुल्क 5 टक्क्यांवरून 2.5 टक्क्यांवर आलं. ती बी इथे फोडली की पाकिटावर तिच्या गावाचं नाव येतंच असं नाही. तिकडच्या शेतकऱ्यावर राग धरू नका. गिनी-बिसाऊसारख्या देशाची तर जवळजवळ सगळी निर्यात काजूवर चालते. तिथलाही शेतकरी बी पिकवतो आणि दर दुसरा कोणी ठरवतो. दोन्हीकडच्या गरिबांना एकमेकांविरुद्ध उभं करून हे स्वस्त पाकीट तयार होतं.

तुम्ही म्हणाल, आमचाही खिसा बघा. बघितलाय. म्हणूनच सांगतो, जास्त खर्च करू नका, खर्च नीट करा. किलोऐवजी अर्धा किलो घ्या, पण खात्रीचा घ्या. शिऱ्याला, खिरीला, रश्श्याच्या वाटणाला अख्खा काजू कशाला हवा? पाकळी मागा, तुकडा मागा. चव तीच, झाड तेच, भाव बराच कमी. आणि पाकळी-तुकडा उठला की युनिटवाल्याच्या गळ्यातला फास सैल होतो, कारण अख्खा काजू कसाही जातो, अडकून पडतो तो तुकडाच. अख्खा घ्यायचा तर देवापुढे ठेवायला आणि पाहुण्यांच्या डब्यात घालायला घ्या.

आणखीही करता येईल. तुमच्या सोसायटीत दहा घरं एकत्र या आणि एकच मोठी मागणी नोंदवा. दहा किलोची मागणी आली की गावाकडचा बचत गट माल थेट पाठवू शकतो, मधली साखळी गळते. तुम्ही कंपनीत दिवाळीच्या भेटी ठरवणाऱ्या जागेवर असाल तर तुमच्या एका सहीत गावातल्या एका युनिटचा महिनाभराचा पगार आहे. ती सही विचार करून करा. मिठाईवाल्याकडे काजूकतली घेताना विचारा, काजू कुठला? चाकरमान्यांनो, गणपतीला गावी जाऊन आलात, तेव्हा शेजारच्या घरातल्या वहिनींचे हात पाहिले असतील. त्यांचा काजू तुमच्या डोंबिवलीच्या, विरारच्या बिल्डिंगमध्ये विकायला मदत करा. ओळखीच्या चार जणांना फोन करा. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे, गोव्याच्या काजूलाही आहे. ते नाव पाकिटावर शोधा आणि नसेल तर मागा.

सरकारकडेही मागा. गोव्यात काजू बीला आधारभूत किंमत दिली जाते. आमच्याकडेही भरवशाची किंमत हवी. बी कुठल्या देशाची आहे ते पाकिटावर ठळक छापलेलं हवं. तुमच्या आमदाराला, खासदाराला दोन ओळींचं पत्र लिहा. शेतकऱ्याने लिहिलं तर ती तक्रार ठरते, पण गिऱ्हाइकाने लिहिलं तर ते मत ठरतं.

तुम्ही माणसं चांगली आहात, हे धरूनच हे लिहितोय. कोणाचे हात उतून आपली बर्फी गोड व्हावी, असं तुमच्यापैकी कोणालाच वाटत नाही. आजवर कोणी सांगितलं नव्हतं, एवढंच. आता सांगितलंय. दिवाळीला थोडे दिवस राहिलेत आणि युनिटांच्या गोदामांत मागच्या हंगामाचा माल अजून पडून आहे. तो उठला तर फेब्रुवारीत बी विकत घेतली जाईल. नाही उठला तर आणखी काही दारांना कुलपं लागतील आणि ती कुलपं परत उघडत नाहीत.

तेव्हा या दिवाळीला निदान एक डबा कोकणातल्या नाहीतर चंदगड-आजऱ्यातल्या काजूचा घ्या. विचारून घ्या, रास्त भावाने घ्या आणि शेजाऱ्यालाही घ्यायला सांगा. मागणी आजच नोंदवा.