गाडीचा शौक आणि घरची गरज

नागपुरात गाडीचा शौकीन व्यापारी शोधायला लांब जावे लागत नाही. गांधीबागेत, इतवारीत गाठी सोडता सोडता गाड्यांच्या गोष्टी निघतात. आमच्या वयाची मंडळी बसली असली की गोष्ट हमखास अॅम्बेसिडरवर येऊन थांबते. आम्हीही त्यातलेच. अब्बांनी जुनी घेतलेली अॅम्बेसिडर आमच्या घरी कित्येक वर्षे होती, आणि गेल्या वर्षी घरात नवी गाडी घेण्याची चर्चा निघाली तेव्हा आमच्या मनात पुन्हा तीच होती. एखादी चांगली जुनी घ्यावी, मिस्त्रीकडून नवी करून घ्यावी, असा आमचा बेत होता. मुलांना मात्र उंच, दांडगी गाडी हवी होती. दोन्ही बाजूंनी शौकच बोलत होता. घरची गरज काय, हे कोणीच विचारले नाही.

अॅम्बेसिडरला आपण देशी म्हणतो, पण तिचे मूळ विलायतेचे. ऑक्सफर्डला लागून असलेल्या काउलीच्या कारखान्यातली ‘मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री’ हेच तिचे मूळ रूप. कोलकात्याजवळ उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सने ती १९५० च्या दशकाच्या अखेरीस बनवायला घेतली आणि २०१४ पर्यंत बनवली. मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड म्हणजेही विलायतेची ट्रायम्फ हेराल्डच. आमच्या कारागीर बंधूंनी लक्षात ठेवावे की मॉरिस कंपनी उभारणारा विल्यम मॉरिस हा मुळात सायकली दुरुस्त करणारा होता.

त्या गाडीत आराम कशामुळे होता? सीट खुर्चीच्या उंचीची, दार रुंद, छत उंच. साडी नेसलेली किंवा बुरखा घातलेली बाई न वाकता आत बसे आणि तशीच बाहेर येई. मागची सीट सोफ्यासारखी. खड्ड्यांचा रस्ता असला तरी पोटातले पाणी हलत नसे. पण तिच्या जमान्यात एअरबॅग नव्हती, स्टेअरिंग जड होते आणि ब्रेकवर पाय रोवून उभे राहावे लागे. आठवण काढताना आपण हा भाग विसरतो.

आम्हीही एक गोष्ट विसरलो होतो. ऐन मे महिन्यात अमरावतीला एका निकाहासाठी निघालो होतो. रेडिएटरमधले पाणी पाहिले नाही. कोंढाळीच्या पुढे इंजिन उकळले. चूक सर्वस्वी आमची, शिव्या मात्र गाडीला घातल्या. बायका-मुले दोन तास झाडाखाली बसली आणि अम्मींना ऊन लागले. त्या तीन दिवस अंथरुणात होत्या. त्या दिवशी अब्बा एवढेच म्हणाले, “शौक तुझा आणि तकलीफ घरच्यांना!”

म्हणून या वेळी आम्ही अम्मींनाच सोबत घेतले. त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत. मुलांच्या पसंतीच्या उंच गाडीत त्यांना पाय उचलून चढता येईना. एका ठेंगण्या गाडीत त्या बसल्या, पण उठताना दोघांनी हात द्यावा लागला. तिसऱ्या गाडीची सीट आमच्या दुकानाच्या खुर्चीएवढी उंच होती. त्या आपल्या आपण बसल्या आणि आपल्या आपण उतरल्या. आमची निवड तिथेच झाली.

जुनी गाडी घेण्याचा मोह ज्यांना आहे त्यांनी हिशेबही पाहावा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. चारचाकीच्या नूतनीकरणाची फी २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० वर गेली. ५० वर्षांवरील गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवण्याचे नियम २०२१ मध्ये आले. पण त्यात फी २०,००० रुपये, आणि तशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराची परवानगी नाही. शिवाय पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर त्यासाठी बनलेले नाहीत.

नव्या गाडीचा हिशेबही समजून घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरच्या आतल्या लहान गाड्यांवर (पेट्रोल १२०० सीसी, डिझेल १५०० सीसीपर्यंत) जीएसटी १८ टक्के झाला. मोठ्या गाड्यांवर ४० टक्के आहे. दुकानाच्या नावावर कार घेतली म्हणून तो कर सहसा वजा मिळत नाही. माल वाहणाऱ्या गाडीवरचा मात्र नियमित करदात्या व्यापाऱ्याला मिळतो. तेव्हा भांडवल थोडे असेल तर आधी टेम्पो, मग कार. समृद्धी महामार्गावर जाणाऱ्यांनी टायरचे वय आणि हवा आधी तपासावी. वैदर्भी उन्हात काँक्रीट तापते आणि झिजलेला टायर १२० च्या वेगात दगा देतो.

राहिला नावाचा मोह. टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये आपल्या नागपुरात सुरू झाली. ज्यांनी इथे सूत कातले त्यांच्याच समूहाने २००८ मध्ये जग्वार आणि लँड रोव्हर विकत घेतल्या. मिनी जर्मनांकडे गेली, एमजी हे नाव चिनी कंपनीकडे. अॅम्बेसिडर हे नावसुद्धा २०१७ मध्ये फ्रान्सच्या प्यूजोने ८० कोटींना घेतले. नाव बाजारात फिरतच असते. आपण कापडवाले थानावरचा शिक्का पाहून माल उचलत नाही, बोटांनी पोत पाहतो. गाडी घेतानाच ती अक्कल का गहाण ठेवावी?

शौक वाईट नाही. ज्याच्याकडे कारोबारातून उरलेला पैसा आहे, जागा आहे आणि जुने कार्बोरेटर जाणणारा मिस्त्री आहे, त्याने खुशाल जुनी गाडी सांभाळावी. त्यात आपल्याच डेंटर, पेंटर आणि सीट शिवणाऱ्या कारागिरांचे पोट भरते. पण घरची गाडी निवडताना घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला आधी दारापाशी उभे करावे. तो सहज बसला आणि सहज उतरला, तर बाकीच्यांचे निभावते. अम्मी आता दर जुम्याला बहिणीच्या घरी जातात. कोणाला हाक मारावी लागत नाही.