जोडी बाद करा, दंडानं भागत नाही

हरभऱ्याला पाणी सोडून बांधावर बसलोय, लाइन जायच्या आत लिहून टाकतो. मेडशीकडं आता जिथं जावं तिथं पटाच्याच गोष्टी.

मागच्या हिवाळ्यात एका शंकरपटात पाहिलं (गावाचं नाव घेत नाही). धुरकऱ्यानं मुठीत खिळा लपवलेला. शेवटच्या टप्प्यात त्यानं उजव्या बैलाच्या पुठ्ठ्यात टोचला. पंचांनी पाहिलं, दंड लावला. पण सेकंद कायम ठेवले अन् नंबरही दिला! मालकानं दंड बक्षिसातूनच भरला, वरून पंचांना चहा पाजला. तिकडं बैलाच्या जखमेवर माश्या बसत होत्या.

लोक म्हणतात, "जाऊ द्या ना भाऊ, जोडी घड्याळावर पळते, त्यानं कोणाला आडवं थोडंच घातलं?" अरे, घड्याळावर पळते म्हणूनच तर! टोचून कमावलेला अर्धा सेकंद मागं राहिलेल्या प्रत्येक जोडीला नडतो.

घोड्यांच्या शर्यतीत हा वाद जुनाच आहे. २०१९ च्या केंटकी डर्बीत मॅक्झिमम सिक्युरिटी नावाचा घोडा पहिला आला, पण वळणावर दुसऱ्यांच्या वाटेत घुसला म्हणून बाद झाला. लाखो लोकांसमोर निकाल फिरवला. ब्रिटनमध्ये आधी जास्त चाबूक मारला तर जॉकीला शिक्षा व्हायची, घोड्याचा नंबर मात्र राहायचा. २०२३ पासून मर्यादेपेक्षा चार किंवा जास्त फटके पडले की घोडाच बाद.

"मालकाला काय माहीत, धुरकऱ्याच्या मुठीत काय होतं?" असंही विचारतात. धुरकरी निवडते कोण? बक्षीस गेलं की मालक स्वतःच त्याची मूठ उघडून पाहील.

सरसकट बाद करा असं मी म्हणत नाही. जोडी रेषेआधी सुटली, जू निसटलं, तर परत पळवा. पण काठी, खिळा, विजेचा झटका याला माफी नको. मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या त्या बैलाच्या छळापायीच. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर सुरू झाल्या, मे २०२३ मध्ये घटनापीठानं कायदा कायम ठेवला. सात वर्षं पटाचे बैल नुसते दावणीला बांधून होते, ते विसरलो का आपण? एका मुठीतल्या खिळ्यानं सगळ्यांचा पट जाऊ शकते.

यंदा आमचेही गोऱ्हे उतरणार, धुरकरी माझा पुतण्या. परवा सरावाला त्याच्या हातात काठी दिसली. "सवय आहे काका," म्हणे. काठी घेतली अन् चुलीत घातली. पंचांना सांगून ठेवलंय, पटावर त्याच्या हातात काही दिसलं तर पहिली आमचीच जोडी बाद करा.