त्यांची वाईन, आमची दारू?

नाशिकच्या गंगापूर धरणाकडे आणि दिंडोरीच्या बाजूला द्राक्षमळ्यांत हॉटेलं उभी राहिली आहेत. टेबलावर चार-पाच ग्लास येतात, प्रत्येकात घोटभर वाईन. कोणत्या वाईनसोबत पनीर आणि कोणत्या वाईनसोबत मटण, हे वेटर सांगतो. ग्लास कसा धरायचा, वास कसा घ्यायचा, घोट तोंडात कसा घोळवायचा, हेही शिकवतो. याला 'वाईन टेस्टिंग' म्हणतात. आता आपली शिकलेली, नोकरीला लागलेली पोरंही तिथे जातात, फोटो टाकतात.

ज्या नाशकात १९३० साली काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात आपल्या माणसांनी दगड खाल्ले, त्या नाशकात कुठल्याही दारातून ताठ मानेने आत जाणं हा आपला हक्कच आहे. प्रश्न आत गेल्यावरचा आहे. या टेबलाला प्रतिष्ठा कोणी दिली? आणि कोणाच्या जिवावर?

प्रतिष्ठा सरकारने दिली. २००१ साली महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, वाईनला करात सवलती दिल्या. पुढे तर २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के कारखानदाराला परत देण्याची योजना आली. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन विकायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. विरोध झाला म्हणून ते अडलं. वाईन म्हणजे दारू नव्हे, असा युक्तिवाद सत्तेतल्या नेत्यांनी तेव्हा केला होता.

आता दुसरी बाजू बघा. मोहाच्या फुलांवर इंग्रजांनी १८९२ साली खास कायदा करून बंधनं घातली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. फुलं वेचण्यावरची बंधनं महाराष्ट्रात उठायला २०२१ साल उजाडलं. तरीही आदिवासी बाईने घरी मोहाची काढली की धाड पडते, मडकी फुटतात, केस होते. द्राक्षं आंबवली की संस्कृती, मोह आंबवला की गुन्हा! हा न्याय रसायनशास्त्राचा आहे की जातवर्गाचा?

गावातलं दारूचं दुकान बंद करायला अर्ध्याहून अधिक मतदार बायांना बाटली आडवी करावी लागते. सुपरमार्केटच्या मंजुरीला मंत्रिमंडळाची एक बैठक पुरली. २०१५ साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं मेली. सगळी वस्तीतली, हातावर पोट असलेली. त्यांना कोणी घोट घोळवायला शिकवलं नव्हतं.

म्हणे वाईन शेतकऱ्याच्या हिताची. कोणत्या शेतकऱ्याच्या? ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्या. पेठ-सुरगाण्याहून येऊन छाटणी, बांधणी, तोडणी करणारा आदिवासी आणि भूमिहीन मजूर 'शेतकरी' या शब्दात बसतच नाही. सवलतीचा पैसा कारखान्यापर्यंत जातो. मजुराच्या रोजापर्यंत तो पोचतो का, याचा हिशेब सरकार कधी मागतं का?

मित्रांनो, मोहाला परवाना मिळावा म्हणजे आपणही प्यायला मोकळे, असा याचा अर्थ काढू नका. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ग्लासाला लांब दांडी आली म्हणून ती प्रतिज्ञा सैल होत नाही. दारूने आपल्या वस्त्यांतले किती संसार धुळीला मिळवले, हे आपल्या आयांना विचारा.

चवदार तळ्यावर बाबासाहेब तहान भागवायला गेले नव्हते, माणूस म्हणून हक्क बजावायला गेले होते. त्यांच्या टेबलावर खुर्ची मिळाली म्हणजे समता आली, असं मानणाऱ्याने ती खुर्ची फार महाग विकत घेतली आहे.

म्हणून त्या टेबलावर बसलात तरी मेनूकार्डावर नसलेले प्रश्न विचारा. इथल्या मळ्यातल्या मजुराला किमान वेतन मिळतं का? बाईला पुरुषाइतका रोज मिळतो का? त्यांच्या पोरांची शाळा कुठे आहे? आणि सरकारला विचारा: करमाफी देताना मजुरांच्या वेतनाची अट का घातली नाही? ती अट घालायला लावणं हे आपलं काम आहे. फोटो टाकायला पुढेही वेळ मिळेल.

जय भीम!