परसबागेचा वर्ग गावातच भरू द्या



परसबाग हवी की नको, हा वाद आता राहिलेला नाही. २०१९ मध्ये केंद्र शासनाने शालेय पोषण बागेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. बचत गटांच्या माध्यमातून 'उमेद'सारखं अभियानही पोषण परसबागेवर काम करतं. कागदावर सगळं छान आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. परसबाग करायला माणूस शिकतो कुठे आणि त्याला शिकवतं कोण?

सध्या बहुतेक ठिकाणी काय होतं, ते आपण पाहतोच. तालुक्याच्या सभागृहात एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. प्रास्ताविक, सत्कार, मग पडद्यावर भाज्यांची चित्रं, दुपारी जेवण आणि निघताना बियाण्यांची पाकिटं. हजेरीपत्रकावर सह्या झाल्या की प्रशिक्षण संपलं. त्या दिवशी सांगितलेलं काही चुकीचं नसतं हो. पण मेथीला अळी तिसऱ्या आठवड्यात लागते. मिरचीवर बोकड्या येतो तेव्हा प्रशिक्षण होऊन दोन महिने उलटलेले असतात. दोडक्याला फुलं भरपूर पण दोडका एकही नाही, हा प्रश्न पडतो तेव्हा विचारायला समोर कुणी नसतं. झाडाचं वेळापत्रक आपल्या प्रशिक्षणाच्या वेळापत्रकाप्रमाणे चालत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की परसबागेचा वर्ग एका दिवसाचा नको, एका हंगामाचा हवा, आणि तो गावातच, कुणाच्या तरी परसात भरायला हवा.

पंधरा दिवसांतून एकदा, तासभर. एवढं पुरतं. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की वर्ग सुरू करायचा. पहिल्या दिवशी फक्त गादीवाफा आणि वेलांची आळी. धणे तसेच पेरायचे नसतात, चपलेखाली रगडून त्यांचे दोन भाग करायचे, हे पुस्तकात वाचून लक्षात राहत नाही. एकदा रगडले की जन्मात विसरत नाही. त्याच दिवशी कुंपणाला शेवग्याची फांदी खोचून घ्यायची. पंधरा दिवसांनी विरळणी. दाट उगवलेली रोपं उपटायला नवशिक्याचा हात धजत नाही, तिथे शेजारी अनुभवी बाई लागतेच. महिनाभरात मेथी-पालक घरात येतात आणि शिकणारीचा उत्साह टिकतो. वांगी-मिरचीची रोपं चार-पाच आठवड्यांची झाली की पुनर्लागवड, तीही ऊन उतरल्यावर. मग मांडव. मांडवाला कुठल्या काठ्या, किती उंच, गाठ कशी मारायची, यातलं निम्मं ज्ञान शब्दांत सांगताच येत नाही. ते हातातून हातात जातं.

दोडक्याची गंमत तर मला विज्ञानाच्या तासापेक्षा मोठी वाटते. नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या मागे बोटाएवढा इवलासा दोडका आधीच दिसतो. भोपळ्याचं फूल सकाळी उमलतं, दोडक्याचं मात्र संध्याकाळी. मधमाश्या-पाखरं फिरकली नाहीत तर नर फूल तोडून त्यातले परागकण मादी फुलावर हलकेच टेकवायचे. परागीभवनाची आकृती फळ्यावर काढून मुलांना जे समजत नाही, ते आईबरोबर मांडवाखाली उभं राहून पाच मिनिटांत समजतं. अध्ययन निष्पत्तीच्या रकान्यात लिहायला शब्दही शोधावे लागत नाहीत.

गणिताचंही तसंच. जीवामृताचं सर्वपरिचित माप एकराचं आहे: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर बांधावरची माती. घरच्या बागेला एवढं काय करायचंय? एका एकरात ४० गुंठे. मग एका गुंठ्याला ५ लिटर पाणी, पाव किलो शेण, पाव लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम गूळ, ५० ग्रॅम बेसन. हे गणित पाचवीच्या मुलांनी आईला करून द्यावं. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, हेही दोरीने मोजून घ्यावं.

आता शिकवणार कोण? माझ्या मते पहिला मान गावातल्याच जाणत्या बाईचा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत, पण गावरान बियाण्यांची बँक त्यांनी उभी केली आणि २०२० मध्ये पद्मश्रीने त्यांचा गौरव झाला. श्री. अ. दाभोलकर तर गणिताचे शिक्षक. त्यांच्या 'प्रयोग परिवारा'त शेतकरी एकमेकांच्या प्रयोगांवरून शिकत, पदवी कुणी विचारत नसे. आपल्याकडे ही परंपरा असताना आपण मात्र खुर्चीवर पाहुण्याला बसवतो आणि पन्नास वर्षं वाल-घेवडा पिकवणाऱ्या आजीला सतरंजीवर! हे मला खटकतं. आजीला खुर्ची द्या, आणि जमलं तर मानधनही द्या. वर्गात येणाऱ्या प्रत्येकीने दहा-वीस रुपये काढले तरी हरकत नाही. ज्ञान फुकट घ्यायची आपली सवय जरा मोडायला हवी.

कुणी म्हणेल, गावातल्या बायकांना हे सगळं येतंच की, वर्ग कशाला? खरं सांगायचं तर आता येत नाही. माझ्या शाळेतल्या कितीतरी आया कामाच्या शोधात गावोगाव फिरलेल्या आहेत. ऊसतोडीला सहा महिने बाहेर असणाऱ्या घरात परस कुठला आणि बी कुठलं? पाकिटातलं संकरित बी पुढच्या वर्षी धरलं तर झाड तसं येत नाही, हे अनेकींना माहीत नसतं. सासूकडून सुनेकडे जाणारी साखळी तुटली आहे. ती घरात जोडता येत नसेल तर गल्लीत जोडावी लागेल.

आणि पारंपरिक आहे म्हणून सगळंच बरोबर, असंही मी मानत नाही. एक गोष्ट काळजीची आहे. घरात कपाशीचं किंवा सोयाबीनचं औषध उरलेलं असतं. वांग्यावर मावा दिसला की तेच झाकणभर पाण्यात कालवून मारलं जातं, आणि दोन दिवसांनी तीच वांगी कालवणात! डब्यावरचा तांबडा त्रिकोण म्हणजे अतिविषारी, हे कुणी वाचलेलं नसतं. फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही, हे तर लांबच. म्हणजे पोरांना ताजी भाजी मिळावी म्हणून केलेल्या बागेतून विष पोटात जातं. इथे मात्र कृषी सहायक किंवा कृषी विज्ञान केंद्राचे तज्ज्ञ हवेतच. त्यांनी हंगामात एक-दोनदा वर्गावर यावं, बाग बघावी आणि मग बोलावं. पाच टक्के निंबोळी अर्क म्हणजे लिटरला ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी, रात्रभर भिजवून गाळलेली. हे त्यांनी सांगून नाही, करून दाखवावं.

शाळेचा यात काय संबंध? आपल्या शाळेच्या परसबागेचा खरा शत्रू कीड नाही, मे महिना आहे. मार्चपर्यंत हिरवीगार, फोटो अपलोड झालेले, आणि जूनमध्ये शाळा उघडावी तर नुसत्या काड्या. सुट्टीत पाणी घालणार कोण? जिथे पालकांचा वर्ग शाळेच्या परसात भरतो, तिथे बाग 'सरांची' राहत नाही, गल्लीची होते. पाळी लावून पाणी मिळतं. पाणीच नसेल तर उन्हाळ्यात बाग बंद ठेवून वाफ्यांवर पालापाचोळ्याचं आच्छादन घालायचं. यात कमीपणा काही नाही. टँकरच्या गावात बारमाही बागेचा हट्ट धरणं हा शुद्ध दिखावा आहे. ज्यांना परसच नाही त्यांनी गोणीत, तेलाच्या डब्यात लावावं. फक्त तळाला भोकं पाडायला विसरू नये.

आणखी एक उपक्रम आपल्याच गळ्यात, असं काही जण म्हणतील. ऑनलाइन माहिती भरून हात दुखत असताना ही भीती खोटी नाही. पण हा वर्ग शिक्षकाने घ्यायचाच नाही. शाळेने व्हरांडा आणि बादल्या द्याव्यात. कुणी काय पेरलं, कधी तोडलं, याची वही पाचवी-सहावीच्या मुलांनी ठेवावी. मुलगे आणि मुली दोघांनी, आणि खुरपं धरतानाही दोघांनी. वर्गाला बाप आले तर उत्तमच. परस म्हणजे बाईचंच काम, हे कुठे लिहून ठेवलंय?

दिवाळीच्या आसपास प्रत्येक वेलावर एक-दोन फळं पिकेपर्यंत राखायची, वाळली की बी काढायचं आणि राख लावून बरणीत भरायचं. बरणीवर वाणाचं आणि घराचं नाव मुलांनी लिहायचं. बरण्या शाळेच्या कपाटात ठेवायच्या. पुढच्या जूनमध्ये जो मूठभर बी नेईल, त्याने हंगाम संपल्यावर दोन मुठी आणून द्यायच्या.