नियुक्त खासदाराला व्हिप कशासाठी?

राज्यसभेतल्या राष्ट्रपतिनियुक्त बारा जागा रद्द करा, अशी मागणी अधूनमधून होत असते. ती मान्य होण्याजोगी नाही. या जागा राहायलाच हव्यात. रद्द करायची असेल तर त्या जागांना जोडलेली एक सवलत रद्द करावी : नियुक्तीनंतर सहा महिन्यांच्या आत राजकीय पक्षात दाखल होण्याची.

साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा या क्षेत्रांत विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांना या जागांवर नेमावे, असे राज्यघटनेचे ८० वे कलम सांगते. १९५२ सालच्या पहिल्याच यादीत सत्येंद्रनाथ बोस, झाकीर हुसेन, मैथिलीशरण गुप्त, पृथ्वीराज कपूर आणि आपल्या साताऱ्यात जन्मलेले काकासाहेब कालेलकर होते. पाठोपाठ ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ लिहिणारे महामहोपाध्याय पां. वा. काणे आणि नाटककार मामा वरेरकर त्या सभागृहात गेले. तिकीट, प्रचार आणि खर्च यांच्या वाटेने ही माणसे संसदेत पोहोचली नसती.

त्यांची गरज काय, हे आर. के. नारायण यांच्या १९८९ मधल्या भाषणाने दाखवून दिले. ऐंशी ओलांडलेले हे कादंबरीकार राज्यसभेत बोलायला उभे राहिले ते शाळकरी मुलांच्या दप्तरांबद्दल. सकाळी अर्धवट झोपेतून उठवलेले मूल, घाईघाईत अंगावर चढवलेला गणवेश, पाठीवर वह्यापुस्तकांचे गाठोडे आणि त्या भाराने पोक काढून, हात पुढे लोंबकळत ठेवून चालणारी पोरे, असे सगळे त्यांनी सभागृहापुढे उभे केले. पुढे १९९२ मध्ये प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९९३ मध्ये ‘ओझ्याविना शिक्षण’ हा विचार मांडणारा तिचा अहवाल आला. त्याआधी नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी प्राण्यांचा छळ रोखणारे खासगी विधेयक राज्यसभेत मांडले होते. सरकारला १९६० साली तसा कायदा करावा लागला. मुलांना मत नसते, मुक्या जनावरांनाही नसते. निवडून येण्याची चिंता असलेल्याला असे विषय परवडत नाहीत. नियुक्त सदस्याला ते परवडतात, आणि या जागांचे खरे समर्थन हेच आहे.

पण हे समर्थन तो सदस्य कोणाचाही बांधील नसेल तोवरच टिकते. १९८५ साली आलेल्या पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टाने नियुक्त सदस्यांना शपथ घेतल्यापासून सहा महिन्यांची मुभा दिली. या मुदतीत पक्षात गेले तर खासदारकीला धक्का लागत नाही. नियुक्तीच्या दिवशीच जो पक्षाचा सदस्य असतो, तो तर कायद्याने त्या पक्षाचाच धरला जातो. एकदा पक्ष लागला की व्हिपही लागला. मग शास्त्रज्ञाला किंवा लेखकाला एखादे विधेयक कितीही चुकीचे वाटो, पक्षादेश मोडला तर जागा जाण्याची टांगती तलवार डोक्यावर राहते. ज्याला स्वतंत्र बुद्धीसाठी बोलावले, त्याची बुद्धीच गहाण ठेवून घ्यायची, असा हा व्यवहार आहे.

परिणाम उघड दिसतो. जुलै २०२४ मध्ये चार नियुक्त सदस्य निवृत्त झाले, तेव्हा राज्यसभेतील भाजपचे बळ ९० वरून ८६ वर आले. देशाच्या प्रतिभेसाठी ठेवलेल्या जागा पक्षाच्या बेरजेत मोजल्या जात होत्या, याचा आणखी पुरावा नको. दोष एका पक्षाचा नाही. मणिशंकर अय्यर २००९ ची लोकसभा निवडणूक काँग्रेसच्या उमेदवारीवर हरले आणि २०१० मध्ये नियुक्त झाले. उज्ज्वल निकम २०२४ मध्ये उत्तर मध्य मुंबईतून भाजपच्या उमेदवारीवर हरले आणि २०२५ मध्ये नियुक्त झाले. दोघांच्याही कर्तृत्वाबद्दल येथे शंका नाही. पण मतदारांनी नाकारलेला उमेदवार वर्ष-सव्वा वर्षात याच दाराने संसदेत येतो, तेव्हा मतदाराचाही अपमान होतो आणि त्या जागेचाही.

पक्षाची जागा मानली की काय होते, हे महाराष्ट्राने विधान परिषदेत भोगले आहे. राज्यपालनियुक्त बारा जागा जून २०२० मध्ये रिकाम्या झाल्या. यादी कोणाची, या वादात त्या अडकल्या आणि त्यांतील सात भरायला ऑक्टोबर २०२४ उजाडला. चार वर्षांत सहकार, साहित्य किंवा समाजसेवेतला एकही माणूस त्या बाकांवर बसू शकला नाही.

नियुक्त सदस्याला राजकीय मत असूच नये, असे कोणी म्हणत नाही. त्याने सरकारच्या बाजूने मत द्यावे, विरोधात द्यावे. मात्र ते त्याचे स्वतःचे असावे. त्यासाठी दहाव्या परिशिष्टातील सहा महिन्यांची सवलत काढावी आणि नियुक्ती स्वीकारताना पक्ष सदस्यत्वाचा राजीनामा बंधनकारक करावा. यासाठी घटनादुरुस्ती लागेल, पण दोन गोष्टी सरकार आजही करू शकते. कोणत्या क्षेत्रातील कोणत्या कामासाठी निवड झाली, हे नियुक्तीच्या अधिसूचनेत लिहावे. आणि गेल्या पाच वर्षांत पक्षाच्या तिकिटावर निवडणूक लढवलेल्यांची नावे राष्ट्रपतींकडे पाठवू नयेत. घटनाकारांनी २४५ जागांच्या सध्याच्या राज्यसभेत अवघ्या बारा जागा पक्षांच्या हिशेबाबाहेर ठेवल्या आहेत. तेवढ्या तरी सर्व पक्षांनी सोडून द्याव्यात.